बाबासाहेबांनी समाज कसा पाहिला?

घाटकोपर पूर्वेला माता रमाबाई आंबेडकर नगरातील एका बुद्धविहारात रविवारी सायंकाळी काही तरुण-तरुणी वाचनासाठी जमतात. आम्हालाही अधूनमधून बोलावणे येते. गेल्या पावसाळ्यात असेच गेलो होतो. पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की, बोललेले नीट ऐकू येत नव्हते. समाजशास्त्रात एम.ए. करणाऱ्या एका मुलीने पिशवीतून वही काढली. सामाजिक संशोधनाचे तत्त्वज्ञान असा तिला एक पेपर होता. वहीत ऑगस्ट कॉम्त होते, दुरखाईम होते, मॅक्स वेबर होते, कार्ल मार्क्स तर होतेच. तिचा प्रश्न साधा होता. या सगळ्यांत आपले बाबासाहेब कुठे बसतात? राज्यघटनेचे शिल्पकार, शोषितांचे कैवारी ही उत्तरे तिला नको होती, ती तिला बालवाडीपासून पाठ होती. समाजाचे वास्तव शोधणारा अभ्यासक म्हणून बाबासाहेबांची वाट कोणती, एवढेच तिला हवे होते.

खरे सांगायचे तर आम्ही त्या दिवशी थातूरमातूर उत्तर दिले. आम्ही शिकलो त्या पाठ्यपुस्तकांत बाबासाहेब समाजशास्त्रज्ञ म्हणून नव्हतेच आणि आम्हीही त्यांना फोटोच्या चौकटीत शोधत राहिलो. घरी येऊन वसंत मून यांनी संपादित केलेला, १९७९ साली शासनाने काढलेला पहिला खंड खाली घेतला. हा लेख म्हणजे त्या मुलीला दिलेले उशिराचे उत्तर समजावे.

आधी तिच्या वहीतल्या मंडळींविषयी दोन शब्द. कॉम्त आणि दुरखाईम यांचे म्हणणे असे की, निसर्गाचा अभ्यास होतो तसाच समाजाचाही व्हावा. सामाजिक घटना वस्तूसारखी बाहेरून पाहावी, मोजावी आणि तिचे नियम शोधावेत. वेबर म्हणतात, माणूस दगड नव्हे. तो जे करतो त्याला त्याच्या लेखी काही अर्थ असतो आणि तो अर्थ समजल्याशिवाय नुसती मोजदाद पांगळी राहते. मार्क्स सांगतात की, मुळाशी उत्पादनाचे संबंध आहेत, बाकीचा डोलारा त्यावर उभा आहे. तिघांतही तथ्य आहे. पण पाहणारा स्वतः कुठे उभा आहे? गावात उभा आहे की गावकुसाबाहेर? हा प्रश्न युरोपातल्या त्या विद्वानांना आपल्याइतका टोचण्याचे कारण नव्हते. बाबासाहेबांना तो जन्मापासून टोचत होता.

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे सुभेदार रामजींच्या घरी जन्म, साताऱ्यात बालपण, एल्फिन्स्टन हायस्कूल, परळची बी.आय.टी. चाळ, एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. हा प्रवास आपल्या घराघरांत ठाऊक आहे, तो पुन्हा सांगत नाही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजीबाबा गेले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. तेथे त्यांनी काय शिकले याचा हिशेबच पाहा. अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३. पदवी अर्थशास्त्रातली, पण जाळे केवढे मोठे टाकले होते! सेलिग्मन यांच्याकडे अर्थशास्त्र, गिडिंग्ज यांचे समाजशास्त्र, गोल्डनवायझर यांचे मानववंशशास्त्र आणि जॉन ड्युई यांचे तत्त्वज्ञान.

यातले ड्युई महत्त्वाचे. ड्युईंच्या मते विचार हे एक अवजार आहे. माणूस उगाच विचार करत नाही, कुठेतरी अडल्यावर करतो. अडचण नेमकी काय ते ठरवायचे, तिच्यावर एक तर्क मांडायचा आणि तो तर्क परिणामांवर घासून पाहायचा. खोटा ठरला तर टाकून द्यायचा. ज्याचे आयुष्यच अडवलेले होते, त्याला हे तत्त्वज्ञान केवळ परीक्षेपुरते वाटले असेल का? बाबासाहेबांनी ड्युईंची पुस्तके आयुष्यभर जवळ बाळगली. ५ जून १९५२ रोजी कोलंबियाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली, तेव्हा गुरूला भेटण्याची ओढ मनात होती. पण त्याआधी चारच दिवस, १ जूनला, ड्युई वारले होते.

आता ९ मे १९१६ या दिवसाकडे येऊ. गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात पंचवीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने भारतातील जातींची यंत्रणा, उत्पत्ती आणि विकास यांवर निबंध वाचला. मे १९१७ मध्ये तो 'इंडियन अँटिक्वेरी' या नियतकालिकात छापून आला. त्या काळी जातीवर बोलणारे मोठमोठे लोक होते. फ्रान्सचे सेनार्त होते. जात धंद्यातून जन्मली म्हणणारे नेसफिल्ड होते. १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख हर्बर्ट रिस्ले तर माणसांची नाके मोजत होते. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा सिद्धांत! आणि आपल्या महाराष्ट्राचे, पुढे ज्ञानकोशकार झालेले श्रीधर व्यंकटेश केतकर होते. त्यांचा जातीच्या इतिहासावरील ग्रंथ १९०९ सालीच निघाला होता.

या सर्वांना त्या तरुणाने एकेक करून तपासले. सेनार्त विटाळावर भर देतात, तर विटाळ ही पुरोहितशाहीची खूण आहे, जातीचा प्राण नव्हे. रिस्ले वंशावर भर देतात, तर गोऱ्या अभ्यासकांच्या डोक्यात रंगाचा ग्रह आधीच बसलेला असतो आणि तोच त्यांना इथे दिसतो. केतकरांना त्यांनी मान दिला. जात एकटी पाहता येत नाही, जातींच्या व्यवस्थेत पाहावी लागते, हे केतकरांनी ओळखले होते. पण केतकरांनी सांगितलेली दोन लक्षणे, बेटीबंदी आणि जन्माने मिळणारे सभासदत्व, ही मुळात दोन नाहीतच, एकच आहे, हेही बाबासाहेबांनी दाखवले. बाहेर लग्न बंद केले की बाहेरचा माणूस आत येण्याची वाट आपोआप बुजते.

मग त्यांनी स्वतःचा तर्क मांडला. जातीचे सार एकच, जातीच्या आतच लग्न. आता ही बेटीबंदी टिकवायची तर गटात लग्नाच्या वयाचे स्त्री-पुरुष बरोबरीने राहिले पाहिजेत. पण मृत्यू काही जोडीने येत नाही! नवरा मेला की एक स्त्री जादा उरते. ती बाहेर लग्न करील तर जात फुटेल, आत करील तर दुसऱ्या मुलीच्या वाट्याचा नवरा जाईल. तिचे काय करायचे? तिला नवऱ्याच्या चितेवर जाळा, नाहीतर जन्मभर विधवा ठेवा. बायको मेली की एक पुरुष जादा उरतो. त्याला जाळता येत नाही, कारण तो पुरुष आहे आणि गटाला हवा आहे. त्याच्यावर ब्रह्मचर्य लादले तर तो निभावेलच असे नाही. मग त्याच्यासाठी अजून लग्नाच्या वयात न आलेली पोर आणा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन चालींचा उगम त्यांनी असा जातीच्या गणितात दाखवला. या चालींच्या गोडव्याची पुराणे नंतर रचली गेली, कारण आधीचे आहे.

आम्ही हा भाग त्या रात्री दोनदा वाचला. किती थंड डोक्याने लिहिले आहे! ज्याला शाळेत पाण्याच्या नळाला हात लावता येत नव्हता, त्याच्या लेखणीत एक शिवी नाही. आणि जातीचा पाया शोधताना हा तरुण थेट स्त्रीच्या देहापाशी, तिच्या लग्नापाशी पोहोचला. पुढे स्त्री-अभ्यासाच्या विदुषींनी जात आणि स्त्रीची गुलामी एकाच दोरीने बांधलेली आहे हे तपशिलाने मांडले, त्याच्या कितीतरी आधीची ही मांडणी आहे.

तर्क मांडून ते थांबले नाहीत, हे आम्हाला अधिक महत्त्वाचे वाटते. दार प्रथम पुरोहितवर्गाने लावून घेतले. इतरांपैकी काहींनी त्यांचे पाहून लावले, काहींना बाहेरच दार बंद सापडले. अनुकरण वरून खाली झिरपते आणि जवळच्यात जास्त होते, हा फ्रेंच विचारवंत गॅब्रिएल तार्द यांचा नियम त्यांनी हाताशी घेतला आणि मग तर्क पडताळला. ब्राह्मणांच्या जवळच्या जातींत तिन्ही चाली दिसतात, थोड्या दूरच्यांत एखाद-दुसरी आणि फार दूरच्यांत नुसती जातीची कल्पना. मनूने जात निर्माण केली असेही त्यांनी म्हटले नाही. एका माणसाच्या हुकमाने एवढा समाज घडत नसतो, मनूने चालत आलेल्याला कायद्याचे रूप दिले, असे त्यांचे म्हणणे. उठता-बसता मनूच्या नावाने बोटे मोडणाऱ्या आपल्या वक्त्यांनी हे जरा शांतपणे वाचावे. याच मुंबईत शिकून पुढे कीर्तिवंत झालेल्या एम. एन. श्रीनिवास यांची 'संस्कृतीकरणा'ची संकल्पना १९५२ च्या त्यांच्या कूर्गवरील ग्रंथातून देशभर शिकवली जाते. दोन्ही मांडण्या एक नव्हेत. पण अनुकरणाचा धागा छत्तीस वर्षे आधी कुणी हाती धरला होता, हे विद्यार्थ्यांना सांगायला कोणती अडचण आहे?

पुढची वर्षे धावपळीची. लंडन, मग पैशाअभावी परत, बडोद्यातला अपमान, १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक', पुन्हा लंडन, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावर डी.एस्सी. यात १९१८ चा शेतीच्या लहान तुकड्यांवरचा निबंध मात्र सोडवत नाही. तेव्हा सगळे म्हणत होते, शेताचे तुकडे पडले म्हणून शेतकरी गरीब. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवरून ठरत नाही, त्यावर किती हात आणि किती भांडवल आहे यावरून ठरते. जमिनीवर रिकामे हात फार आहेत, त्यांना उद्योगांत काम द्या, तुकड्यांचा प्रश्न मग सुटेल. समोर दिसते तेच कारण असते असे नाही, हा धडा त्यांनी इथेही दिला.

कागदावरचे वास्तव आणि जमिनीवरचे वास्तव यांतले अंतर मोजले ते महाडने. सी. के. बोले यांच्या ठरावाने १९२३ साली मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले केले. महाड नगरपालिकेनेही १९२४ साली ठराव केला. दप्तरात तळे खुले होते. तळ्यावर मात्र कुणी अस्पृश्य ओंजळ भरू शकत नव्हता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसह तळ्यावर गेले, पाणी प्याले आणि त्यानंतर सभेच्या मंडपावर लाठ्या घेऊन लोक तुटून पडले. ठराव खरा की लाठ्या खऱ्या? ड्युईंच्या शिष्याने परीक्षा प्रयोगशाळेत नव्हे, चवदार तळ्यावर घेतली.

१९२८ साली मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. १९२९ साली ते बहिष्काराच्या एका प्रकरणाच्या चौकशीसाठी धुळ्याकडे गेले आणि परतताना आग्रहाखातर चाळीसगावला उतरले. स्टेशनापासून महारवाडा जवळच होता. तरी लोकांनी त्यांना तासभर थांबवले आणि मग टांगा आला. टांगेवाले महाराला बसवून न्यायला तयार नव्हते. शेवटी टांगा भाड्याने द्यायचा, हाकायचा मात्र तुम्हीच, असा तोडगा निघाला. हाकणाऱ्या आपल्या माणसाला घोड्याची सवय नव्हती. मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा नदीत.

सरकारचा चौकशी अधिकारी बहिष्काराची चौकशी करायला गेला आणि बहिष्काराने त्याचाच पाय मोडला! या घटनेचे मोल कोणत्या तक्त्यात भरणार? नंतर बाबासाहेबांनी ती लिहून ठेवली, त्यात दोन गोष्टी बारकाईने टिपल्या. पोटासाठी टांगा हाकणारा गरीब माणूससुद्धा बॅरिस्टर झालेल्या अस्पृश्यापेक्षा स्वतःला वरचा समजतो. म्हणजे नुसत्या पैशाने दर्जा ठरत नाही, हे मार्क्सवाद्यांना उत्तर झाले. आणि दुसरी गोष्ट आपल्या लोकांविषयीची. पाहुण्याला पायी नेणे त्यांना कमीपणाचे वाटले, पाहुण्याच्या जिवापेक्षा पाहुण्याचा मान त्यांनी जपला. वेबर ज्याला अर्थ म्हणतात तो हाच. बाहेरून पाहणाऱ्याने फक्त अपघात नोंदवला असता.

हे टिपण 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या हस्तलिखितात आहे. बाबासाहेबांच्या हयातीत ते छापले गेले नाही, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० साली पुस्तिका काढली. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी माणसाला सांगायचे कसे, असा त्यांच्यापुढे प्रश्न होता. सर्वसाधारण वर्णन करता आले असते. त्यांनी घडलेली प्रकरणे सांगणे अधिक परिणामकारक मानले, स्वतःची आणि इतरांचीही. कोरेगावच्या वाटेवर तहानलेली पोरे, बडोदा, चाळीसगाव, दौलताबादचा हौद. आज विद्यापीठांत यालाच अनुभवाधिष्ठित संशोधन म्हणतात. पण याच बाबासाहेबांनी जनगणनेचे रकानेही सोडले नाहीत, हे विसरू नये. नुसता अनुभव सांगून त्यांनी कधी सिद्धांत केला नाही.

१९३६ साली 'जातिनिर्मूलना'त त्यांनी समाजवाद्यांना सुनावले की, मालमत्ता हाच सत्तेचा एकमेव उगम नाही, धर्म आणि सामाजिक दर्जा हेही उगम आहेत. जात म्हणजे कामाची नव्हे तर काम करणाऱ्यांचीच वाटणी, हे विश्लेषणही तिथलेच. पुढे १९४६ साली शूद्रांवरचा ग्रंथ आला, तो महात्मा जोतिबा फुले यांना अर्पण केलेला आणि १९४८ साली अस्पृश्यांवरचा.

या शेवटच्या ग्रंथाची कार्यपद्धती आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम पाहावी. अस्पृश्यता वंशभेदातून आली का, हे तपासताना बाबासाहेबांनी मुंबई विद्यापीठाचे प्रा. गो. स. घुर्ये यांनी मांडलेली नाकाच्या मापांची आकडेवारी घेतली. ज्या नाकांवर रिस्लेंनी जातींची उतरंड रचली, तीच नाके वंशभेदाच्या विरोधात साक्षीला उभी केली. नंतर ते १९११ च्या जनगणनेकडे वळले. त्या वेळी अस्पृश्य वेगळे ओळखण्यासाठी दहा कसोट्या ठरवल्या होत्या. ब्राह्मणाकडून मंत्र घेत नाहीत, देवळाच्या आत जाता येत नाही, विटाळ होतो, प्रेते पुरतात, गोमांस खातात अशा. हे रकाने सरकारी बाबूंनी भरले. बाबासाहेबांनी त्यांत माग शोधला आणि दोन धागे वेगळे काढले, ब्राह्मणांविषयीचे वैर आणि गोमांस. त्यावरून त्यांनी तर्क केला की, अस्पृश्य हे मूळचे पराभूत टोळ्यांतले वाताहत झालेले लोक. ते गावाबाहेर वसले, बौद्ध झाले, गोमांस सोडले नाही म्हणून इ.स. ४०० च्या सुमारास अस्पृश्य ठरवले गेले.

हा तर्क आहे, हे त्यांनी स्वतः प्रस्तावनेत सांगितले आहे. साखळीतले दुवे तुटलेले असतील तर इतिहासकाराने हात जोडून बसावे का? विखुरलेल्या हाडांवरून प्राण्याचा सांगाडा उभा करतात, पडक्या विटांवरून नगर ओळखतात, तसे अनुमानाने दुवे जोडण्याचा हक्क त्याला आहे. मात्र अनुमान पटण्याजोगे हवे आणि कुणी चूक दाखवली तर ऐकून घेण्याची तयारी हवी. पुढच्या काही इतिहासकारांनी या मांडणीतल्या कालनिर्णयाशी मतभेद नोंदवले आहेत. त्यांनी नोंदवले म्हणून आपल्यातले काहीजण अंगावर धावून जातात. आम्हाला ते पटत नाही. ज्याने वेद तपासायला काढले, त्याच्याच ग्रंथाची पोथी करून तिला लाल कपड्यात बांधणे हा कोणता आंबेडकरवाद?

तपासण्याची ही सवय आपल्या वस्तीला काही परकी नाही. ११ जुलै १९९७ च्या सकाळी याच रमाबाई नगरात पुतळ्याची विटंबना झाली आणि राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण ठार झाले. चारच दिवसांनी मुलुंडच्या झोपडीत शाहीर विलास घोगरे यांनी स्वतःला संपवले. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता म्हणून गोळ्या झाडल्या, असे पोलीस म्हणाले. टँकर कुठे होते, माणसे कुठे पडली, गोळी शरीराच्या कोणत्या भागात लागली, हे वस्तीतल्या लोकांनी वर्षानुवर्षे धरून ठेवले. गोळीबार समर्थनीय नव्हता असाच निष्कर्ष न्या. गुंडेवार आयोगाने काढला. संशोधन म्हणजे काय हे इथल्या बायाबापड्यांना वेगळे शिकवावे लागले नाही.

हे सगळे आम्ही पुढच्या खेपेला विहारात सांगितले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या दीक्षेपर्यंत आणि ६ डिसेंबरपर्यंत आलो. मुलीने सर्व उतरवून घेतले आणि मग म्हणाली की, १९१६ च्या निबंधाची कसोटी आपल्यालाच लावून पाहायची आहे. १९५१ साली महाराष्ट्रात बौद्ध अडीच हजारांच्या आसपास होते, १९६१ च्या जनगणनेत ते सुमारे २७ लाख ९० हजार झाले. धर्माचा रकाना बदलला. पण जातीचे सार जातीच्या आत लग्न हेच असेल, तर आपल्या लग्नांचे काय? केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जातवार गणनेचा निर्णय जाहीर केला, तेव्हापासून वस्तीत कोणत्या रकान्यात काय लिहायचे याचीच चर्चा. लग्नाचा रकाना मात्र कुणी काढत नाही. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी तो काढायचे ठरवले आहे. विहारात लागलेल्या लग्नांची नोंदवही आणि घरोघरच्या जुन्या पत्रिका. वधूचे गाव, वराचे गाव, पूर्वीची जात आणि, हे आम्हाला जड गेले, पूर्वीची पोटजात.

जड जाण्याचे कारण आहे. आमच्या मोठ्या मुलीचे जमवताना त्रिशरण-पंचशील म्हणणाऱ्या याच तोंडाने आम्ही मुलाकडच्यांना आडून आडून पोटजात विचारली होती. जुळली तेव्हा हायसे वाटले होते. हे आजवर कुठे लिहिले नव्हते.

मुलीने आमच्याही घरच्या पत्रिका मागितल्या. माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढून दिला. थोरलीची पत्रिका वरच होती, तिने ती पहिली उघडली आणि वहीत आकडा घातला, १.